रुमी मस्तकी नेमकी कोणत्या गावातून येते? (आणि एका जुन्या डब्यावरची चार अक्षरं)

काष्टौषधीवाला, उदगीर :

नमस्कार मंडळी.

उदगीरला आमचं काष्टौषधीचं दुकान आहे. आजोबांनी निजामाच्या राज्यात टाकलेलं, आता मी बसतो. हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वावडिंग असला माल पोत्यानं येतो आणि पोत्यातच पडून राहतो. एकच चीज अशी की ती मी कधी पोत्यात बघितली नाही. रुमी मस्तकी, म्हणजे झाडाची चघळायची राळ. ती डबीत, डबीत कापूस, डबी कपाटात आणि कपाटाची किल्ली आजोबांच्या करदोड्याला. हकीमसाहेब जवारिश मस्तगी हे युनानी औषध करायला न्यायचे तेव्हाच ते कपाट उघडायचं. आजोबा तोळ्याच्या काट्यावर तोलायचे आणि तोलताना आम्हा पोरांना शिंकूसुद्धा द्यायचे नाहीत.

मला गादीवर बसवलं तेव्हा पहिली परीक्षा याच मालाची झाली. दोन दाणे तळहातावर ठेवले आणि म्हणाले, चाव. पहिला दाताखाली फुटला आणि त्याचा भुगा झाला. दुसराही आधी फुटला, पण चार वेळा चावल्यावर मऊ झाला, मेणासारखा, आणि तोंडात देवदाराच्या फळीसारखा वास सुटला. आजोबा म्हणाले, "भुगा झाला ती कसलीही राळ. एकजीव झाली ती रुमी. आता थुंकू नको, महाग आहे." तास-दीड तास चघळत बसलो होतो.

आता मुद्दा. चाळीस वर्षं मी हा माल विकतो, पण तो येतो कुठून ते मला ठाऊक नाही. लातूरचा व्यापारी म्हणतो मुंबईहून. मुंबईवाला म्हणतो दुबईहून. दुबईच्या पुढं कुणी सांगत नाही. परवा दिवाळीची साफसफाई करताना त्या कपाटाच्या तळाशी एक पत्र्याचा डबा निघाला. लहानपणी आम्ही त्याला फुलीचा डबा म्हणायचो. त्यावर चार मोठी अक्षरं आहेत : एक फुली, एक उभी दांडी, एक गोल आणि शेवटी इंग्रजी एम आडवा पडल्यासारखं काहीतरी. खाली बारीक मजकूर होता, तो गंजानं खाल्ला. भाचा म्हणतो ही ग्रीक अक्षरं, ही राळ ग्रीसच्या एका बेटावरच होते आणि तिथंही मोजक्याच गावांत.

हे खरं आहे का? ती गावं कसली आहेत? झाड कसलं, लोक काय करतात, आपल्या धावड्याला डिंक येतो तसाच प्रकार का? कुणी जाऊन आलंय का? मस्तकीचे औषधी गुण कृपया कुणी सांगू नका. ते मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो, ऐकून माझेच कान किटले आहेत.


परभणीचा पाव्हणा :

काका, माझ्या माहितीप्रमाणं मस्तकी अफगाणिस्तानातून येते. आमच्याकडं काबुली मस्तकी म्हणून मिळते.


काष्टौषधीवाला, उदगीर :

ती वेगळी, पाव्हणं. काबुली मस्तकी हे पिस्त्याच्याच भावकीतल्या दुसऱ्या झाडाची राळ. तीही चघळली तर मऊ होते, पण रंग मळका आणि वास पडेल. रुमी आरपार दिसते. आम्ही दोन्ही ठेवतो, भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.


औशाची लेक :

काका, तुमच्या डब्यावर "खिओस" लिहिलंय. फुली म्हणजे ग्रीकांचा ख, दांडी म्हणजे इ, गोल तो ओ आणि आडवा पडलेला एम म्हणजे स. मला ग्रीक येत नाही. पण बोटीतून उतरले तेव्हा धक्क्यावर हीच पाटी होती आणि मीसुद्धा ती फुली-दांडी-गोल अशीच लक्षात ठेवली होती. तुमचा प्रश्न वाचला आणि कणकेचे हात धुऊन आधी लिहायला बसले. लांबेल, सांभाळून घ्या.

माझे मिस्टर दोन वर्षं तुर्कस्तानात इझमीरला होते, कापडाच्या मशीनवर. तिथं आइस्क्रीममध्ये, खिरीत, कॉफीतसुद्धा एक वास यायचा. मला तो ओळखीचा वाटायचा, पण सापडत नव्हता. एक दिवस मसाल्याच्या दुकानात काचेच्या बरणीत ते दाणे दिसले आणि एकदम आठवलं. माझ्या आजीची हिरडी दुखायची, ती पदराच्या गाठीला मस्तकीचा एक दाणा बांधून ठेवायची. औशाहून कुणी उदगीरला निघालं की मागवायची. कदाचित तुमच्याच दुकानातला असेल! दुकानदाराला विचारलं, हे कुठलं? त्यानं सरळ समुद्राकडं बोट केलं. "साकिझ आदासी." साकिझ म्हणजे डिंक, आदा म्हणजे बेट. खिओसचं तुर्की नावच डिंकाचं बेट आहे.

चेश्मे नावाच्या बंदरातून ते बेट उघड्या डोळ्यांना दिसतं. (चेश्मे म्हणजे झरा, आपल्याकडच्या उर्दूतला चश्मा तोच.) व्हिसाची कटकट तेवढी मोठी, बोटीचा प्रवास औसा-लातूर एसटीएवढाच. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता.

मस्तकीची गावं सगळी बेटाच्या दक्षिण टोकाला. झाड साऱ्या बेटावर उगवतं, भूमध्य समुद्राच्या काठानं इतरत्रही उगवतं, पण भरभरून राळ गाळतं ते इथंच. त्याची कारणं लोक माती, हवा, झाडाची जात अशी सांगतात. म्हाताऱ्या बायका वेगळं सांगतात. तिसऱ्या शतकात रोमन लोकांनी इसिदोर नावाच्या संताला मारलं, त्याला ओढत नेताना झाडं रडली, तेच हे अश्रू. दाण्यांना तिकडं अश्रूच म्हणतात. आपल्या गावात एखादी म्हातारी पिंपळाबद्दल असंच काही सांगेल, त्यामुळं मी मान डोलावली.

आम्ही उतरलो त्या गावाचं नाव पिर्गी. अर्थ बुरूज. गावाच्या मधोमध खरंच एक जुना बुरूज आहे, आता पडझड झालेला. पण त्याच्याआधी डोळ्यांत भरतात त्या भिंती. अख्ख्या गावाच्या भिंतींवर काळी-पांढरी नक्षी आहे, पायापासून गच्चीपर्यंत. त्रिकोण, चौकोन, अर्धवर्तुळं, चांदण्या, पट्ट्यावर पट्टे. पहिल्यांदा बघून मला आजीची वाकळ आठवली. रंगवलेली असेल असं वाटलं होतं, पण नाही. भिंतीला आधी काळ्या वाळूचा गिलावा करतात, त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात देतात आणि तो ओला असतानाच काट्यासारख्या हत्यारानं खरवडतात. खरवडलं तिथं काळं दिसतं, राहिलं तिथं पांढरं. याला क्सिस्ता म्हणतात, म्हणजे खरवडलेलं. आपण शेणानं सारवताना चार बोटं फिरवून नक्षी उठवतो, तीच अक्कल. फरक एवढाच की आपली नक्षी पुढच्या सोमवारी पुसून जाते.

आता गावाची बांधणी, काका, हे तुम्हाला आवडेल. खिओसवर १३४६ पासून १५६६ पर्यंत इटलीतल्या जेनोवाच्या व्यापाऱ्यांचं राज्य होतं. राज्य म्हणजे दुकानच. त्यांना माल हवा होता आणि माल ठेवायला तिजोरी. म्हणून ही गावं त्यांनी तिजोरीसारखी बांधली. गावाच्या कडेची घरं एकाला एक चिकटलेली, बाहेरच्या बाजूला खिडकी नाही, त्यांच्या पाठीच गावकूस. आत शिरायला मोजक्या वेशी. बोळ इतके अरुंद की दोन बैल समोरासमोर आले तर एकाला मागं जावं लागेल. वर सगळ्यांच्या गच्च्या सपाट आणि एका उंचीच्या. समुद्री चाचे आले की बायकापोरं गच्चीवरून गच्चीवर पळत मधल्या बुरुजात शिरायची. मी त्या गच्च्या बघत उभी राहिले आणि मला आमचं माळवद आठवलं. उन्हाळ्यात आम्ही पोरं माळवदावरून माळवदावर अख्खी गल्ली ओलांडायचो, फक्त मागं चाचे नसायचे, पापड तुडवले म्हणून काकू असायच्या.

जेनोवावाल्यांच्या काळात मस्तकी चोरणाऱ्याला फार कठोर शिक्षा होती. ज्यानं पिकवली त्यालासुद्धा ती स्वतः विकायची सोय नव्हती. मग तुर्क आले. त्यांनी या गावांचा कर मस्तकीतच घेतला आणि बदल्यात बऱ्याच सवलती दिल्या, कारण इस्तंबूलच्या महालातल्या बायकांना चघळायला हीच लागायची. १८२२ मध्ये ग्रीकांनी बंड केलं तेव्हा तुर्की फौजेनं खिओसवर भयंकर कत्तल केली, हजारो मारले, हजारो गुलाम म्हणून विकले. मस्तकीची गावं तेवढी सुरुवातीला वगळली. झाडं राखायला माणसं लागतात, हा हिशेब. बेट ग्रीसमध्ये आलं ते १९१२ मध्ये.

झाड अगदी झुडूपवजा, माणसाच्या उंचीच्या थोडं वर. पिस्त्याच्याच कुळातलं. प्रत्येक झाडाखाली पांढरं रिंगण दिसलं. मला वाटलं डीडीटी पावडर टाकली. ती पांढरी माती होती, चुनखडीची. उन्हाळ्यात झाडाखालची जागा झाडून, सपाट करून, चोपून त्यावर ही माती चाळून पसरतात. मग खोडाला बारीक टोकाच्या हत्यारानं टोचतात. कुऱ्हाड नाही, कोयता नाही. आठवड्यातून एक-दोनदा, थोडं थोडं, पाच-सहा आठवडे. या टोचण्याला ते केंदिमा म्हणतात आणि बायकांच्या भरतकामालाही तोच शब्द आहे. राळ टपटप त्या पांढऱ्या मातीवर पडते, पंधरा-वीस दिवसांत घट्ट होते, मग वेचायची. वर्षाला एका झाडाचे पाव किलोसुद्धा होत नाहीत. तुमच्या आजोबांनी शिंकू दिलं नाही ते बरोबरच होतं.

आम्ही उतरलो त्या घरची आजीबाई ऐंशीच्या पुढची. तिला थोडं तुर्की यायचं, मला तिच्याहून थोडं. गेल्या गेल्या तिनं थंड पाण्याचा ग्लास ठेवला, त्यात चमचा बुडवलेला आणि चमच्यावर मस्तकीचा पांढरा चिकट गोळा. चाटायचा, वर पाणी प्यायचं. नाव "पाणबुडी". आपल्याकडं उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतात तसंच. मग तिनं हातानंच सांगितलं की वेचणं सोपं, निवडणं अवघड. हिवाळाभर बायका घराघरात गोल बसतात, दाणे चाळतात, धुतात आणि एकेक दाण्याला चिकटलेली माती छोट्या चाकूनं काढतात. तिची बोटं बघितली. माझ्या आजीची तुरीची डाळ निवडून झाली होती तशीच.

तुमचा डबा बहुतेक तिथल्या संघाचा नाहीतर एखाद्या व्यापाऱ्याचा असेल, फोटो बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तिथं १९३८ पासून मस्तकी उत्पादकांचा एकच सहकारी संघ आहे आणि सगळा माल त्याच्याकडंच जातो. आपल्या साखर कारखान्यांसारखं आहे का, असं मिस्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, इथं वजनकाट्यावरून कुणी भांडताना दिसलं नाही अजून. १९९७ मध्ये युरोपनं या नावाला संरक्षण दिलं, म्हणजे दुसरीकडच्या राळेला खिओसची मस्तकी म्हणता येत नाही. २०१४ मध्ये युनेस्कोनं ही पिकवायची पद्धतच वारशाच्या यादीत घेतली. लक्षात घ्या, बुरूज नाही, भिंत नाही, टोचण्या-निवडण्याचं ज्ञान. पिर्गीजवळ २०१६ पासून मस्तकीचं म्युझियमही आहे, पण खरं सांगू, मला त्यापेक्षा आजीबाईचं स्वयंपाकघर बरं वाटलं. बाल्कनीत छोट्या टोमॅटोच्या माळा वाळत घातलेल्या, लाल तोरणासारख्या, मागं काळी-पांढरी भिंत.

सगळं गोडगोड नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण खिओसला मोठी आग लागली आणि मस्तकीची पुष्कळ झाडं जळाली. नवीन झाड राळ द्यायला पाच-सहा वर्षं घेतं. आजीबाईचा मुलगा शहरात आहे, सुट्टीला टोचायला येतो.


काष्टौषधीवाला, उदगीर :

ताई, काय सांगू. डबा पुढ्यात ठिऊन वाचलालो. फुली म्हणजे ख! साठ वर्षं आमी त्याला फुलीचा डबा म्हणलालाव, आन् ते खरंच अक्षर निघालं.

तुमच्या आजीचा दाणा आमच्याच दुकानाचा असणार. त्या काळात इकडं रुमी ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणखी एक. हकीमसाहेब "रूम" म्हणायचे तेव्हा मला रोम वाटायचं. आता कळलं, जुन्या काळी तुर्की मुलुखालाच रूम म्हणायचे. म्हणजे पत्ता नावातच होता, आम्हीच विचारला नाही.

त्या पांढऱ्या मातीचं मात्र डोक्यातून जाईना. आमच्याकडं गढीची पांढरी माती माळवदावर टाकायचे, पाणी धरत नाही म्हणून. लोकांनी गढ्या खणून खणून नेल्या. आमच्या मामाच्या गावची गढी मी लहान असताना ताडाएवढी होती, आता तिथं ट्रॅक्टर फिरतो. एका गावानं पांढरी माती झाडाखाली टाकून गाव राखलं, आपण गावच खणून डोक्यावर घेतलं. माळवदं, गढ्या राखायला पाहिजे होत्या, असं वाटतं.


बावन्न गावांतला :

काकांना नमस्कार, ताईंनाही. चांगलं लिहिलंय. पण माळवदं राखायला पाहिजे होती, हे वाचून हात थांबला.

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं, पुन्हा वसवलेल्या ५२ गावांतलं. १९९३ च्या ३० सप्टेंबरला मी नऊ वर्षांचा होतो. रात्री गणपती बुडवून आल्तो, नाचून नाचून पाय दुखत होते, आईनं गरम पाण्यानं धुतले. पहाटे चारला पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमच्या भिंती अडीच हात रुंद, दोन्ही तोंडांना दगड आणि मधे नुसता मातीगाळा, दोन्ही बाजू एकमेकींना धरणारा आडवा दगड कुठंच नाही. भिंत मधून फाटली आणि दोन्हीकडं पडली. वर माळवदाची माती. दरवर्षी गळायला लागलं की आणखी एक थर, आणखी एक थर. आजोबांपासूनचे थर. त्या मातीखालून मला काढलं. माझ्या बहिणीला काढलं तेव्हा ती गेलेली होती.

तुम्हाला पांढरी माती म्हटलं की गढी आठवते. मला तिचा तोंडातला स्वाद आठवतो. म्हणून आमच्याकडं कुणी वारसा म्हणालं की आम्ही गप्प बसतो. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघतो, पण झोप लागते.

एक मात्र खरं आहे, सांगतो. लाकडी खण असलेल्या कितीतरी घरांत खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या होत्या. भिंती गेल्या, सांगाडा राहिला. आमच्या सुताराच्या घरात सात माणसं त्या खणाखाली वाचली. लाकडानं दगा दिला नाही. ते नंतर सगळं लाकूड व्यापाऱ्यांनी नेलं.


औशाची लेक :

दादा, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. औशाला आमच्या घराच्या भिंतीला चीर गेली होती, तेवढंच. तुमच्यापुढं मी माळवदाची गंमत सांगणं बरोबर नव्हतं, माफ करा.

तुम्ही सांगाड्याचं लिहिलंत म्हणून एक सांगते. खिओसही भूकंपाचीच जागा आहे. १८८१ मध्ये तिथं मोठा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. पिर्गीच्या बोळांतून चालताना वर बघितलं की समोरासमोरच्या घरांमध्ये दगडी कमानी दिसतात. मला आधी वाटलं नुसती शोभा. आजीबाईनं दोन तळहात समोरासमोर धरले, हलवले आणि मधे माझी मूठ घातली. एक घर हललं तर दुसऱ्यानं धरावं म्हणून त्या कमानी. शेजाऱ्याच्या भिंतीला आपली भिंत बांधलेली.

आणि तिथंही सगळं जुनंच धरून बसलेत असं नाही. खरवडलेल्या नक्षीच्या गिलाव्यात आता सिमेंट घालतात, नवीन घरालाही तीच नक्षी काढतात. एका सिमेंटच्या घराला परांची लावून एक माणूस खरवडत होता, खाली रेडिओ चालू. आत लोखंडी सळ्या असतील, वर आजोबांचे त्रिकोण. मला म्हणायचं होतं ते बहुतेक हेच होतं, माळवदाचं नाही.


तेरणाकाठचा :

चर्चा चांगली चालली आहे, पण ग्रीसचं एवढं बोलताय आणि तेरचं नाव कुणीच काढत नाही, म्हणून राहवलं नाही. मी तेरचा, गोरोबाकाकांच्या गावचा.

पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रमार्गांची वही लिहिली, तिला पेरिप्लस म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. त्यात लिहिलंय की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड, मलमल असा माल गाड्यांवर घालून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जातो. ते तगर म्हणजे आमचं तेर, हे फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९०१ मध्ये मांडलं. म्हणजे काकांचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी उलटा विचारला गेला असेल. तिकडच्या एखाद्या दुकानदारानं आमचं कापड मोजताना विचारलं असेल, हे येतं कुठून? आणि कुणीतरी सांगितलं असेल, भडोचहून.

गढीच्या मातीचं काका बोलले ते आमच्याकडं रोजचं होतं. गावाभोवती पांढरीची टेकाडं. पाऊस पडून गेला की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीची चित्रं वर यायची. पोरं गोट्या म्हणून खेळायची. गावातले रामलिंगप्पा लामतुरे हे सगळं वेचून घरी ठेवायचे. लोक हसायचे, हा माणूस खापरं गोळा करतो म्हणून. त्या खापरांचंच आज तेरचं सरकारी संग्रहालय झालंय. हस्तिदंताची एक बाई आहे, तशीच बाई इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. बाहेरून माणसं ती बघायला येतात. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं अजून आत गेलेली नाहीत, मीही पोराला घेऊन मागच्या वर्षी पहिल्यांदा गेलो, खोटं कशाला बोलू.

तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, हे मात्र शाळेत असताना बादलीत टाकून बघितलंय. त्रिविक्रमाचं देऊळही जुन्या विटांचं, मुळात बौद्धांचं चैत्य असावं असं अभ्यासक म्हणतात. कुणी आलात तर सांगा, चहा आमच्याकडं.


किनवटचा :

काकांनी धावड्याच्या डिंकाचं विचारलं होतं, ते तसंच राहिलं. म्हणून लिहितो.

आमच्या किनवट-माहूरच्या रानात धावडा आहे, सालई आहे. बाळंतिणीच्या लाडवाला तुम्ही जो डिंक नेता तो बहुतेक धावड्याचा. पण तो डिंक वेगळा, मस्तकी वेगळी. धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो आणि तुपात फुलतो. मस्तकी ही राळ, ती पाण्यात विरघळणार नाही. सालईची राळ तिच्या जवळची. धूप जाळता तो.

गोंड आणि कोलाम बाया उन्हाळ्यात पहाटे रानात जातात. झाडाला खाच मारली की आठवड्याभरानं डिंक येतो. अवकाळी पडला की काळा होतो आणि भाव निम्मा. व्यापारी पांढरा, पिवळा, काळा वेगळा काढून घेतो. पण दुकानात जाताना सगळा "धावडा डिंक" याच एका नावानं जातो, कोणत्या रानातला, कुणी वेचला ते नाही. आजीबाईचं टोचणं वाचलं आणि आमच्याकडची झाडं आठवली. पोटाला घाई असते, मग सुईच्या जागी कुऱ्हाड येते. खोल खाच मारली की एक-दोन वर्षं डिंक भरपूर, मग झाड वाळतं. माझी मावशी बोटभरच सालपट काढायची आणि त्या झाडाला पुढची दोन वर्षं हात लावायची नाही. तिची झाडं अजून उभी आहेत. ती कोणती, हे मला दाखवलंय.


परभणीचा पाव्हणा :

मी आपला अफगाणिस्तान म्हणून मोकळा झालो होतो. माघार घेतो. काका, डब्याचा फोटो टाका की.


काष्टौषधीवाला, उदगीर :

फोटो भाचा आला की टाकतो, मला जमत नाही. डबा चिंचेनं घासायला काढला होता, सुनेनं हातातून काढून घेतला. म्हणाली, अक्षरं जातील. आता गल्ल्याशेजारी ठेवलाय, फुली गिऱ्हाइकाकडं करून.

किल्लारीकडच्या दादांना, तुमच्या बहिणीचं वाचून आमच्या मंडळी देवघरात जाऊन बसल्या. उदगीरला आलात तर दुकानावर या. किनवटकर, तुमच्या मावशीच्या झाडांचा डिंक असेल तर मला थेट पाठवा. पिशवीवर रानाचं नाव घालून विकतो, भाव मावशी ठरवतील. तेरकर, चहाला येतोच.

ताई, तुमच्यासाठी पाच दाणे कापसात गुंडाळून बाजूला काढलेत. औशाहून कुणी इकडं निघालं की सांगा.

आणि आज सकाळची गोष्ट. हकीमसाहेबांचा नातू आला होता, जवारिशला पाच ग्रॅम मस्तकी पाहिजे म्हणाला. त्याचाही दवाखाना चांगला चालतो. तोलता तोलता मी विचारलं, ही येते कुठून, ठाऊक आहे का?

म्हणाला, "मुंबईहून."